वरच्या पट्टीतला मागचा आठवडा

आलेखबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. पाणीपातळी मोजणाऱ्या त्या कार्यालयात पहारेकऱ्यापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना आलेखबाईच म्हणत. घरी नवरा ‘अगं’ म्हणून हाक मारी, त्यामुळे तिथेही नावाची गरज पडत नसे. बाईंना त्याचं काही वाटत नसे. माणसाला त्याच्या कामाने ओळखलं तर त्यात कमीपणा कसला, असं त्यांचं म्हणणं.

आणि काम होतंही तसंच. तलावाच्या काठी एक छोटी खोली होती. खोलीच्या पोटात विहिरीसारखा खड्डा आणि त्यातल्या पाण्यावर तरंगणारा पत्र्याचा गोळा. पाणी चढलं की गोळा चढे, उतरलं की उतरे, आणि तारेने त्याला जोडलेली लेखणी फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या कागदावर रेघ ओढत राही. आठवडा झाला की कागद बदलायचा. तो कार्यालयात येई तेव्हा त्यावर कुठे शाईचा डाग असे, कुठे गंजाचा ओघळ, कुठे ओलीने फुगलेली रेघ. त्याची काळ्या शाईत स्वच्छ प्रत काढायची, ही बाईंची नोकरी. त्यांची रेघ एकदा कागदावर उतरली की ती खोडायला कधी ब्लेड लागलं नाही. यंत्राची लेखणी अडखळायची, बाईंची नाही.

मग तलावाकाठी नवं यंत्र बसलं. ते रेघ काढत नव्हतं, थेट आकडे पाठवत होतं. बाईंच्या शाईच्या बाटल्या तळाशी सुकून गेल्या. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा, त्याच सुमारास बाईंचा उजवा हात थरथरू लागला.

सुरुवातीला त्यांनी ते लपवलं. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायला लागल्या, सही झटक्यात उरकायला लागल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जिवाला धोका नाही, घराण्यातून आलेलं दिसतंय. बारीक काम करताना वाढेल, स्वस्थ बसलात की कमी होईल.

“म्हणजे काम केलं की थरथरणार आणि नाही केलं की ठणठणीत,” बाई घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या. “अहो, माझ्या वडिलांचा हात असाच व्हायचा. इस्टेट काही ठेवली नाही, हात मात्र ठेवून गेले.”

नवरा शिंपी होता. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीला लागून त्याचं पायमशीन. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्याला सवय होती. “ठेव तो सांभाळून,” तो टाचण्यांमधून म्हणाला. “वडिलोपार्जित आहे.”

कार्यालयात लोखंडी कपाटभर जुने कागद पडून होते. गोळा पहिल्यांदा पाण्यावर सोडला तेव्हापासूनचे. प्रती फिरत फिरत कुठे कुठे गेल्या होत्या, पण मूळ कागद सगळे होते. तलावाला नवा बांध घालायचं ठरलं आणि त्याची उंची ठरवायला जुन्या वर्षांतले चढ-उतार आकड्यांत हवे झाले. साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. साहेब सरळ माणूस. मधाचं बोट लावायची त्यांना सवय नव्हती.

“बाई, एका ऋतूचे कागद घ्या. संगणकावर त्यांचे आकडे करा. त्या ऋतूत पहारेकरी रोज सकाळी काठावरच्या मापकाठीवरची पातळी वाचायचा, तेही आकडे आपल्याकडे आहेत. दोन्ही जुळले तर अख्खं कपाट तुमचं. नाही जुळले तर काम बाहेर द्यावं लागेल.”

“आणि मी?”

“आवक-जावकचं टेबल रिकामं आहे,” साहेब म्हणाले.

बाईंनी त्या टेबलाकडे काचेतून पाहिलं. एक शिक्का, एक शाईची गादी आणि एक पंखा, तोही दुसऱ्या टेबलाकडे तोंड करून. निवृत्तीपर्यंत शिक्के मारायचे. शिक्का मारायला हात स्थिर नसला तरी चालतो, हेच त्यांना जास्त लागलं.

शिकवायला होती प्रोग्रामर. तिशी उलटलेली, चष्मा डोक्यावर ठेवून तो टेबलावर शोधणारी. आलेख काढण्यासाठीच केलेली एक भाषा तिला येत होती. शास्त्रज्ञ लोक ती वापरतात. एकेक आज्ञा द्यायची आणि पडद्यावर चित्र उमटताना बघायचं.

“ही ‘प्लॉट’,” ती म्हणाली. “ही दिलीत की अक्ष काढून, आकडे घालून, रेघ मारून मोकळी होते.”

बाईंनी एका आठवड्याची रेघ काढली. खूश झाल्या. दुसऱ्या आठवड्याची त्यावरच काढायला म्हणून पुन्हा प्लॉट लिहिलं, तर पहिली रेघ गायब.

“अगं बाई! गेली कुठे?”

“प्लॉट नवं पान घेते. आधीचं ठेवून वर काढायचं तर वेगळी आज्ञा आहे, ‘ओव्हरप्लॉट’.”

“आमच्या शेजारीणबाईंसारखी दिसतेय ही तुमची भाषा. नवं सांगायला लागली की जुनं सगळं पुसून टाकते.”

खरं काम मात्र ‘कर्सर’ या आज्ञेचं होतं. जुना कागद यंत्राखाली धरून त्याचं चित्र पडद्यावर आणायचं. मग कर्सर म्हटलं की संगणक गप्प उभा राहतो आणि तुम्ही चित्रावर माउस नेऊन कुठे बटण दाबता याची वाट बघतो. दाबलंत की ती जागा कोणत्या वाराची आणि किती पातळीची, हे आकड्यांत सांगतो.

“त्याला कसं कळतं?” बाईंनी विचारलं.

“आधी आपण सांगतो म्हणून. कागदाच्या कोपऱ्यांवर बटण दाबायचं आणि सांगायचं, हा कोपरा सोमवार आणि पातळी शून्य, हा रविवार आणि पातळी इतकी. तेवढं माप तो धरून बसतो. पुढचं सगळं त्याच मापाने बोलतो.”

“आणि मध्येच दुसरं माप सांगितलं तर?”

“मग ते. शेवटचं सांगाल ते खरं.”

“नवऱ्यांनाही असंच करता आलं असतं तर बरं होतं,” बाई म्हणाल्या आणि कामाला बसल्या.

बसल्या खऱ्या, पण हात बसेना. माउस हळूहळू रेघेपर्यंत न्यायला जमत होतं. मनगट टेबलावर टेकलं की थरथर दबे. पण बटण दाबायला बोट उचललं की सगळा हात उसळी घेई आणि ठिपका रेघेच्या वर नाहीतर खाली पडे. कधी बटण दोनदा दाबलं जाई आणि दोन ठिपके पडत. दुपारपर्यंत एक आठवडा झाला. छापून पाहिला तर तलावाच्या पाण्याला करवतीचे दात फुटलेले.

चहा घेऊन आलेला शिपाई मागे उभा राहून बघत होता. त्याला सगळे मामा म्हणत. “बाई, तुमचा उंदीर फार पळतो. मांजर पाळा.”

“मामा, तुम्ही चहा ठेवा आणि पळा.”

त्या हसल्या, पण घरी आल्या त्या पाय ओढत. नवरा पडद्याला गोट शिवत होता. बाई शेजारच्या स्टुलावर बसून त्याचे हात बघत राहिल्या. कापड त्या हातांखालून पाण्यासारखं सरकत होतं.

“तुमचे हात कसे हो थरथरत नाहीत?”

“त्यांना काम कुठे आहे?” त्याने टाचण्या काढून ठेवल्या. “हात नुसते वाट दाखवतात. सुई चालवणं पायाकडे. शिकत होतो तेव्हा उस्तादाने हातमशीन दिलं होतं. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्याने कापड धरायचं. शिवण अशी जायची की गिऱ्हाईक विचारायचं, नाग काढलाय का. पायमशीनवर बसलो आणि दुसऱ्या दिवशी शिवण सरळ. वाट दाखवणारा आणि टाका घालणारा वेगळा पाहिजे, अगं. एकालाच दोन्ही सांगितलं की तो गडबडतो.”

बाई उठून स्वयंपाकाला लागल्या. जेवताना त्यांचं लक्ष ताटात नव्हतं. नवऱ्याला वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून त्याने न सांगता भांडी घासली.

सकाळी प्रोग्रामरचा चष्मा डोक्यावरून उतरायच्या आत बाईंनी तिला गाठलं.

“मॅडम, माउस उजव्या हाताने न्यायचा. पण टाका दुसऱ्या हाताने घालता येईल का?”

“टाका?”

“ठिपका हो. बटण दुसरीकडे देता येईल का?”

प्रोग्रामरने कपाळावर हात मारला. “अहो, येईल म्हणजे काय! कर्सर माउसच्या बटणाचीच वाट बघतो असं नाही. कीबोर्डवरचं कुठलंही बटण दाबलं तरी तो उत्तर देतो, आणि कोणतं दाबलं तेही सांगतो. माझ्या डोक्यातच आलं नाही.”

दोघींनी मिळून तसं केलं. उजवा हात टेबलाला टेकून माउस नेणार, डाव्या हाताचा अंगठा स्पेसबारवर. रेघेवर आलं की अंगठा दाबायचा. चुकलं तर शेजारच्या एका अक्षराने शेवटचा ठिपका पुसायचा. पहिल्या कागदावर बाईंनी श्वास रोखून धरला होता. तिसऱ्यापर्यंत त्या मामांशी गप्पा मारत ठिपके टाकत होत्या.

इथून बाईंना त्या भाषेची गोडी लागली. रंग बदलायला शिकल्या, रेघ जाड-बारीक करायला शिकल्या, एका पानावर दोन आलेख मांडायला शिकल्या. आणि एक दिवस प्रोग्रामर रजेवर असताना त्यांनी स्वतःच्या अकलेने एक सुधारणा केली. मागच्या आठवड्याची रेघ जिथे संपते तिथूनच पुढची सुरू व्हायला हवी. दोन कापडांची जोड बसते तशी. म्हणून पडद्यावर कागदाच्या चित्राच्या वर जी मोकळी जागा होती तिथे त्यांनी एक बोटभर उंच, कागदाइतकीच रुंद पट्टी आखली आणि तीत मागच्या आठवड्याचा छोटा आलेख काढला. काम सुरू करायच्या आधी त्यावर एक नजर टाकायची, आणि मग कर्सर. पट्टीवरचे आकडे गिचमिड दिसत होते, ते त्यांनी काढून टाकले. नुसता आकार राहिला. फार सुरेख दिसत होता. बाईंनी मामांना बोलावून दाखवला. मामा म्हणाले, “साहेबांच्या टायवर घालावा असा आहे.”

ऋतूचे सगळे कागद झाले. पडद्यावर प्रत्येक ठिपका जुन्या रेघेवर मण्यासारखा बसला होता. साहेबांच्या खोलीत पहिल्या काही आठवड्यांचा आलेख छापून ठेवला तेव्हा बाईंनी नवी साडी नेसली होती.

साहेबांनी कागद उजेडात धरला. पहिला आठवडा छान होता. दुसऱ्या आठवड्यात तलाव तळ फोडून खाली गेला होता. तिसऱ्यात त्याच्याही कितीतरी खाली. आणि चढ-उतार आठवड्यागणिक मोठे होत गेले होते, जणू तलावात कोणी डोंगर बुडवून वर काढत होतं.

मग साहेबांनी कागद खाली ठेवला.

“बाई, तुमच्या हाताचं मला माहीत आहे. मी मुद्दाम विचारलं नव्हतं.” त्यांचा आवाज मऊ होता, आणि तोच बाईंना सहन होईना. “पहिला आठवडा बघा, किती चांगला आलाय. पुढे हात दमत गेला. यात तुमचा दोष नाही. कागद बांधून ठेवा. मी बाहेरच्यांशी बोलतो.”

“हो,” बाई म्हणाल्या. त्यांनाही तसंच वाटत होतं. डोळ्यांना ठिपके बरोबर दिसले, पण डोळेही घरचेच, ते घरच्यासारखंच बोलणार.

त्या आपल्या टेबलाशी येऊन जुने कागद गठ्ठ्यात बांधायला लागल्या. नाडीची गाठ बसेना. समोर प्रोग्रामर रडवेल्या चेहऱ्याने बसली होती.

“मी तरी तपासायला हवं होतं, बाई.”

“तुम्ही काय माझा हात धरून बसणार होतात?”

प्रोग्रामरच्या चहाच्या पेल्याखाली एक कागद होता. बाईंनी ओळखला. पहिल्या दिवशीचा, करवतीच्या दातांचा. त्यांनी पेला उचलून तो कागद काढला, गठ्ठ्यात टाकायला म्हणून. आणि तो टाकता टाकता नव्या छापील आलेखाशेजारी पडला.

बाईंचे हात थांबले.

त्यांनी नव्या आलेखावरून बोट फिरवलं. दुसऱ्या आठवड्यावरून, तिसऱ्यावरून. खोल दरी, उंच चढ, पुन्हा दरी. पण रेघ गुळगुळीत. एक कुसळ नाही.

“मॅडम, इकडे या. ही कोणत्या हाताची रेघ आहे?”

“तुमच्याच.”

“अहो, थरथरत्या हाताची रेघ अशी असते.” त्यांनी चहाच्या डागाचा कागद पुढे केला. “ही तर इस्त्री केल्यासारखी आहे. दमलेला हात दाते पाडेल. तो डोंगर कसे काढेल, आणि तेही इतके नीट? रेघेचं वळण खरं आहे. माप खोटं आहे.”

प्रोग्रामरने चष्मा डोळ्यांवर ओढला. तिसऱ्या आठवड्याचा कागद वरच्या पट्टीसकट पुन्हा पडद्यावर आणला. बाई खुर्चीत बसल्या आणि माउस कागदाच्या अगदी तळाच्या आडव्या रेघेवर नेला. ही शून्याची रेघ. अंगठा दाबला. शून्याऐवजी भलताच, जमिनीच्या पोटातला आकडा आला.

मग बाईंनी माउस वर नेला. हळूहळू, कागद ओलांडून, मोकळ्या जागेतल्या आपल्या सुरेख पट्टीपर्यंत. पट्टीतल्या रेघेच्या टोकावर अंगठा दाबला. मागच्या आठवड्याचा शेवटचा आकडा, जसाच्या तसा.

“शेवटचं सांगाल ते खरं,” बाई हळूच म्हणाल्या.

“काय?”

“तुम्हीच सांगितलं होतंत. मी आधी मोठ्या कागदाचं माप सांगितलं आणि मग वर पट्टी काढली. प्लॉटच ती. तिने स्वतःचं माप सांगून टाकलं. मी ठिपके टाकले खालच्या कागदावर आणि हा बसलाय वरच्या पट्टीच्या मापाने बोलत! पट्टी चिंचोळी, बोटभर उंचीत आठवड्याचा सगळा चढ-उतार, म्हणून त्या मापाने खालचं सगळं अवाढव्य झालं. आणि ती चुकलेली रेघ पुढच्या आठवड्याच्या पट्टीत गेली, म्हणून पुढचं त्याहून अवाढव्य.” त्या खुर्चीत मागे टेकल्या. “पहिल्या आठवड्याला मागचा आठवडा नव्हता, म्हणून तेवढा वाचला. आणि पट्टीवरचे आकडेही मीच पुसले, शोभेसाठी. ते असते तर तेव्हाच दिसलं असतं.”

प्रोग्रामर हसायला लागली. बाईही हसायला लागल्या. स्वतःच्या चुकीचा एवढा आनंद त्यांना आयुष्यात झाला नव्हता.

“मग आता सगळे ठिपके पुन्हा?” बाईंनी विचारलं. त्यांची तयारी होती.

“नको. तुम्ही पडद्यावर ठिपके काढत होतात ना, ते पडद्यावरच्या जागेवरून काढले होते. त्या जागा साठवलेल्या आहेत. त्यांना मोठ्या कागदाचं माप लावायचं, झालं. आणि पुढच्या वेळी मोठं माप बाजूला जपून ठेवायचं, पट्टी काढायची, आणि ते परत लावायचं. मगच कर्सर.”

“जपून ठेवायची आज्ञा मी लिहिते,” बाई म्हणाल्या. “माझी पट्टी आहे.”

दुपारचा चहा यायच्या आत नवा आलेख पडद्यावर होता. तलाव आपल्या जागी आला होता, शहाण्या मुलासारखा. बाईंनी ओव्हरप्लॉट लिहून पहारेकऱ्याचे सकाळचे आकडे लाल फुल्यांनी वर टाकले. फुल्या एकेक करून रेघेवर बसत गेल्या. दोन-तीन जराशा बाजूला पडल्या.

मामांनी चहा ठेवता ठेवता मान वाकडी करून पाहिलं. “या बाहेरच्या कोण?”

“पहारेकऱ्याला थंडी वाजली असेल त्या सकाळी,” बाई म्हणाल्या. “लांबूनच वाचलं असेल त्याने.”

मामांनी साहेबांना बोलावून आणलं. साहेब मागे हात बांधून उभे राहिले. बाईंनी काय चुकलं होतं ते पहिल्यापासून सांगितलं, काही गाळलं नाही. पट्टी माझी, चूक माझी, हेही सांगितलं. साहेबांनी करवतीच्या दातांचा कागद आणि चुकलेला आलेख शेजारी ठेवून निरखले.

“मीही रेघ बघितली नाही,” ते म्हणाले. “आधी हात बघितला.” मग नेहमीच्या आवाजात, “कागद बांधून झाले?”

“बांधत होते. गाठ बसली नाही.”

“मग नका बांधू.” त्यांनी खिशातल्या जुडग्यातून एक किल्ली सोडवली आणि कीबोर्डशेजारी ठेवली. “कपाटाची. खालचा कप्पा अडकतो, जरा वर उचलून ओढा.”

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा नवरा कुणाच्यातरी कोटाला अस्तर लावत होता. त्यांनी किल्ली त्याच्या समोर, टाचण्यांच्या डबीत टाकली.

“हे काय?”

“कपाट मिळालं. अख्खं.”

“कुठे ठेवणार आहेस? घरात जागा नाही.”

“तुमच्या डोक्यात ठेवते, तिथे आहे,” बाई म्हणाल्या आणि त्याच्यासाठी चहा करायला आत गेल्या. पेला आणताना हात थरथरला, थोडा चहा बशीत सांडला. बाईंनी तो या वेळी दोन्ही हातांनी धरला नाही. बशी तशीच त्याच्यापुढे ठेवली, स्टूल ओढून बसल्या, आणि पट्टी काढायच्या आधी मोठ्या कागदाचं माप कुठे जपून ठेवायचं असतं ते त्याला समजावून सांगायला लागल्या. नवऱ्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण तोंडात टाचण्या असल्याने त्याला नुसतं ‘हूं’ म्हणून भागवता आलं.